इथं वावर कुठंय?

आमच्या इस्लापूरला समुद्र कुठूनही मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतो. आमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि मग कुठे आमच्या पाण्याला बंगालचा उपसागर दिसतो. त्यामुळे जमीन संपली की समुद्र सुरू होतो, एवढंच आम्हाला ठाऊक. नॉर्वेत ही समजूत पहिल्याच दिवशी मोडीत निघाली. तिथे समुद्रच जमिनीत शिरतो, डोंगरांमधून वळणं घेत आत आत येतो. सॉग्ने फियॉर्ड ही त्यातली सर्वांत लांब वाट. लांबी २०० किलोमीटरहून जास्त. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत किनवटमार्गे माहूरला पोचलो तरी हे पाणी संपायचं नाही.

या मोठ्या फियॉर्डला औरलांड फियॉर्डचा फाटा फुटतो आणि त्या फाट्याला पुन्हा एक चिंचोळी फांदी. तिचं नाव नॅरोय फियॉर्ड. आम्ही बोटीतून पाहिला तो हा.

आम्ही म्हणजे मी, आक्का आणि तिचा मुलगा. भाचा बर्गनला इंजिनिअर आहे. मे महिना होता, मिरगाला अवकाश होता, नांगरट होऊन वावर तापत पडलं होतं, म्हणून आक्का निघाली. पेरणीच्या तोंडावर ती नांदेडलासुद्धा जात नाही. निघण्याआधी पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्यापाशी महादेवाचं दर्शन घेतलं, तेव्हा पावसाळ्यात पाण्याखाली गडप होणारा काळा खडक सगळा उघडा पडला होता. वरून इसापूर धरणातून पाणी सोडलं असेल तरच या दिवसांत तिथे धार दिसते.

बर्गन हे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसात भिजणारं गाव. सकाळी तिथून आगगाडीने वॉस, वॉसहून बसने गुडवांगेन, गुडवांगेनहून बोटीने फ्लोम, मग डोंगर चढणारी छोटी गाडी आणि रात्री परत बर्गन, असा एका दिवसाचा फेरा असतो. जगभरची माणसं तो करतात. आमच्या डब्यात पुण्या-मुंबईकडचा एक मोठा गट होता. वॉस येईपर्यंत भाकरवडीचा पुडा आमच्यापर्यंत आलासुद्धा.

गुडवांगेनच्या धक्क्यावर आक्का सरळ पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली, ओंजळ भरली आणि जिभेला लावली. वर येऊन म्हणाली, "हे समुद्राचं नाय. लई कमी खारट हाय."

भाचा हसला, पण तिची जीभ बरोबर होती. उन्हाळा लागला की वरचा बर्फ वितळून शेकडो ओढ्यांनी फियॉर्डात उतरतो. गोडं पाणी हलकं असतं, ते वरच्या थरात राहतं. खारं जड पाणी खाली. एकाच ठिकाणी वर नदी आणि खाली समुद्र. मी शाळेत भूगोल शिकवत आलो, यू आकाराची दरी फळ्यावर खडूने काढत आलो, पण हे पाणी चाखून बघावं असं मला सुचलं नव्हतं.

बोट पांढरी, लांबट आणि दिसायला थोडी चमत्कारिक. दोन्ही अंगांनी चढउताराच्या रुंद वाटा वरपर्यंत गेलेल्या. घाटातल्या पायवाटेवरून बोट बांधणाऱ्यांना ही कल्पना सुचली म्हणे. फायदा असा, की चारशे माणसं चढली तरी कठड्याशी रेटारेटी होत नाही. ज्याला जिथून बघायचं तिथे तो उभा राहतो. बोट कार्बन फायबरची, ४२ मीटर लांबीची, २०१८ साली पाण्यात उतरलेली आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणारी. ती धक्क्यावरून सुटली तेव्हा सुटल्याचं कळलंच नाही. धक्का मागे जायला लागला म्हणून कळलं. इंजिनाची धडधड नाही, डिझेलचा वास नाही, पायाखाली थरथर नाही. दीडशे मीटरवरच्या ओढ्याचा आवाज स्पष्ट येत होता, आणि किनाऱ्यावर कुठेतरी मेंढीच्या गळ्यात घंटा वाजत होती, तीही.

आक्काचं लक्ष मात्र धक्क्याला लावलेल्या एका लांबलचक तरंगत्या पेटाऱ्याकडे होतं. भाच्याने सांगितलं, ती बॅटरी आहे. बोटीला वीस-एक मिनिटांत चार्ज व्हावं लागतं आणि त्यासाठी एकदम एवढी वीज ओढली तर या खेड्याची लाइन टिकणार नाही. म्हणून हा पेटारा दिवसभर थोडी थोडी वीज घेत राहतो, साठवतो आणि बोट आली की एका दमात देतो.

"म्हंजे विहिरीचं पाणी हळूहळू टाकीत घ्यायचं आन मग एकदम सोडायचं," आक्का म्हणाली. रात्रीच्या थ्री फेजवर मोटार लावायला बॅटरी घेऊन वावरात जाणाऱ्या बाईला याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती.

नॅरोय फियॉर्ड साधारण १७ किलोमीटर लांब आहे. २००५ साली गैरांगर फियॉर्डाबरोबर युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. सर्वांत अरुंद जागी दोन्ही कड्यांमध्ये अंतर जेमतेम २५० मीटर, आणि पाणी तिथे अवघं १२ मीटर खोल. दोन्ही बाजूंचे डोंगर मात्र हजार मीटरच्या वर, काही शिखरं १७०० च्या घरात. मान मागे टाकली तरी वरची कड दिसत नाही. टोपी सावरत मागे दोन पावलं सरकावं लागतं आणि मागे कठडा असतो. कड्यांचे खालचे पट्टे गर्द हिरवे, मधले करडे, वर अजून बर्फ. त्या बर्फातून पाण्याच्या धारा सुटलेल्या. एक संपली की दुसरी, कधी समोरासमोर दोन. काही धारा इतक्या उंचावरून येतात, की खाली पोचेपर्यंत त्यांचे तुषारच होतात आणि पाण्यावर काहीच पडत नाही.

हे असं का, याचं उत्तर बर्फात आहे. गेल्या पंचवीस लाख वर्षांत हिमयुगं आली आणि गेली. प्रत्येक वेळी प्रचंड जाडीचा बर्फ या दऱ्यांमधून समुद्राकडे सरकत राहिला आणि तळ खरवडत राहिला. मुख्य दरीतली हिमनदी मोठी, म्हणून तिने खोल कापलं. बाजूच्या हिमनद्या लहान, त्यांनी थोडं कापलं. साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला, खोल दरीत समुद्र भरला आणि बाजूच्या दऱ्या वर अधांतरी राहिल्या. यालाच आम्ही वर्गात लोंबती दरी म्हणायचो. लोंबत्या दरीतला ओढा खाली यायचा तर कड्यावरून उडी मारूनच. म्हणून इथे धबधब्यांना तोटा नाही.

मुख्य सॉग्ने फियॉर्डाची खोली ऐकली तेव्हा मीही गप्प झालो. तेराशे मीटर. म्हणजे वर जितका डोंगर दिसतो, जवळजवळ तितकाच पाण्याखाली आहे. आणि गंमत अशी, की जिथे हा फियॉर्ड खुल्या समुद्राला मिळतो तिथे तळ वर येतो, दोनशे मीटरच्या आत. बर्फ दऱ्यांच्या कचाट्यात होता तोवर त्याने जोर लावून खणलं. बाहेर मोकळं मैदान मिळालं तशी त्याची ताकद पसरली आणि खणणं थांबलं. दारात उंबरठा, आत विहीर.

आमचं सहस्रकुंड याच्या नेमकं उलट आहे. तिथला खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळा आणि थरांचा. तिथे बर्फाचा हात कधी लागला नाही. जे काही कोरलं ते पैनगंगेने एकटीने, आणि तेही पावसाळ्याचे चार महिने काम करून. फियॉर्डातली धार उंच पण अंगाने बारीक. सहस्रकुंडाला उंची बेताची, पण पूर आला की पात्र सगळ्या रुंदीनिशी कोसळतं आणि काठावर उभं राहून बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. दोन्ही पाहिलेल्या माणसाला उगाच डावं-उजवं करावंसं वाटत नाही.

इथवर आक्का गप्प होती. मग बाक्का नावाची वस्ती आली. कड्याच्या पायथ्याशी पाचपन्नास पावलांची हिरवी पट्टी, तिच्यावर लाल-पांढरी लाकडी घरं, एक इवलंसं चर्च. लोक भराभर फोटो काढायला लागले. आक्काने डोळ्यांवर हाताची सावली धरली, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "इथं वावर कुठंय?"

"तेच वावर," भाचा म्हणाला.

"एवढं? ह्याच्यात पेरतेत काय आन खातेत काय?"

पुढे स्टीवी, द्यूरदाल अशा वस्त्या येत गेल्या, तिचा प्रश्न तोच. आणि खरं सांगायचं तर बोटीवरच्या भोंग्यातून चार भाषांत जे सांगत होते, त्यापेक्षा या प्रश्नाने मला फियॉर्ड जास्त दाखवला.

कारण इथे पेरायला जवळजवळ काही नव्हतंच. सगळ्या नॉर्वेत लागवडीखालची जमीन शेकडा तीनच्या आसपास. फियॉर्डाकाठी तर त्याहून चणचण. थोडे बटाटे, थोडे सातू, आणि बाकी भिस्त शेळ्या-मेंढ्यांवर, गाईंवर आणि माशांवर. जनावरांना सहा महिने गोठ्यात बांधून घालायचं तर गवत हवं. म्हणून माणसं कड्यावरच्या टप्प्याटप्प्यांवर चढून जिथे विळा चालेल तिथलं गवत कापायची आणि तारेवरून खाली सोडायची. काहींनी तर घरंच वर बांधली. औरलांड फियॉर्डाच्या कड्यावर असं एक शेत आहे, की वर जायला शिडी लागायची. सारा वसूल करणारा अंमलदार येताना दिसला की घरचे शिडी वर ओढून घेत, अशी गोष्ट तिकडे चवीने सांगतात. आक्काला दिवसभरात सगळ्यात आवडली ती ही गोष्ट.

आणि हे डोंगर नुसते अवघड नाहीत, दगाबाजही आहेत. १९३४ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या ताफ्योर्डात कड्याचा एक मोठा भाग सुटून पाण्यात पडला. भूकंप नाही, वादळ नाही. नुसत्या त्या पडण्याने उसळलेल्या लाटेची उंची ६० मीटरच्या वर गेली आणि काठावरच्या वस्त्यांतली ४० माणसं गेली. आज गैरांगरजवळच्या ओकर्नेस कड्याची भेग यंत्रं लावून रात्रंदिवस मोजत असतात.

स्टीवीपाशी किनाऱ्याला लागून एक जुनी पायवाट दिसते. १६४७ साली नॉर्वेत टपाल सुरू झालं, आणि राजधानी आणि बर्गन यांच्यामधलं टपाल या फियॉर्डातून जायचं. ते न्यायचं काम काठावरच्या शेतकऱ्यांकडे. वल्ह्यांच्या होडीतून एका वस्तीने पुढच्या वस्तीच्या हाती थैली द्यायची. थंडीत आतलं पाणी गोठलं की होडी बंद, मग या वाटेने. बदल्यात त्या घरातल्या माणसांना लष्कराच्या भरतीतून सूट. मला ही वाट कड्यांपेक्षा मोठी वाटली. फूटभर रुंदीची, एका अंगाला खडक आणि एका अंगाला पाणी, आणि तिच्यावरून कुणाच्या तरी लग्नाची, कुणाच्या तरी मयतीची बातमी चालत गेलेली.

तरीही पोट भरेना. १८२५ साली स्ताव्हांगर बंदरातून पहिलं जहाज अमेरिकेला निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं नॉर्वे सोडून गेली. १८२५ मध्ये देशाची लोकसंख्या दहा-साडेदहा लाख होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं. ज्या काठांचे फोटो आम्ही काढत होतो, त्याच काठांवरून माणसं पेट्या बांधून निघाली होती. त्यातली काही घरं आज उन्हाळ्यापुरती उघडतात. नातवंडं-पतवंडं येतात, रंग देतात, आठवडाभर राहतात आणि जातात. डोंगर देखणा दिसतो तो बोटीतून. ज्याला विळा घेऊन वर जायचं असतं, त्याला तो दिसत नाही, लागतो.

बोट औरलांड फियॉर्डात वळली तसं पाणी रुंद झालं आणि उजव्या हाताला उंद्रेदाल आलं. शंभर माणसांच्या आतबाहेरचं गाव, त्याच्या चौपट-पाचपट शेळ्या. गावातलं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं, बाकं जेमतेम चाळीस जणांची. १९८८ पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता. येणं-जाणं सगळं पाण्यावरून. गाव नावाजलेलं आहे ते शेळीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी. दूध फाटवून चीज काढलं की जे पाणी उरतं, ते साई घालून चुलीवर तासन्‌तास आटवत ठेवतात. पाणी उडून जातं, दुधातली साखर करपत करपत तपकिरी होते आणि खाली जो गोळा उरतो तो साच्यात भरतात. बोटीवरच्या दुकानात पातळ काप मिळाले. आक्काने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "खवा हाय. जरा जास्त भाजला गेलेला, आन मीठ पडलेला." शेळीचा वास असतो, पण तो दुसऱ्या घासाला. तिसऱ्या घासाला तिने पिशवीतली दशमी काढली आणि त्यावर काप ठेवून खाल्ला. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी बाईलाही दिला.

दोन तासांनी फ्लोम आलं. वस्ती तीन-चारशेची, आणि धक्क्याला लागलेलं जहाज गावातल्या सगळ्या इमारतींपेक्षा उंच. त्या जहाजातून उतरलेली माणसं गावाच्या कितीतरी पट. स्वेटरांची दुकानं, लाकडी राक्षसांची दुकानं, रांगा. धुराचा प्रश्न इथे खरोखरच होता: चहूबाजूंनी डोंगर, वारा पडला की जहाजांचा धूर दरीतच कोंडून राहायचा. म्हणून नॉर्वेच्या संसदेने २०१८ साली ठराव केला, की वारसा फियॉर्डांत पर्यटकांच्या बोटी २०२६ पासून धूर न सोडता चालल्या पाहिजेत. मोठ्या जहाजांना पुढे २०३२ पर्यंत मुदत दिली. ज्या कड्यांवरून लोक पोटासाठी पळाले, त्यांची हवा सांभाळायला आज संसद बसते. दिवसभरात मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं.

फ्लोमहून वर म्यूरदालला जाणारी गाडी २० किलोमीटरच्या प्रवासात साडेआठशे मीटरहून जास्त चढते. वीस बोगदे, त्यातले अठरा माणसांनी हातांनी खोदलेले. काही ठिकाणी एक मीटर खोदायला महिना लागला. मध्ये शोसफॉसेन नावाचा धबधबा लागतो आणि गाडी थांबते. प्रवासी फलाटावर उतरतात, भिजतात, पाच मिनिटांनी गार्ड शिट्टी मारतो, सगळे आत. याच धबधब्याच्या पाण्यावर वीज तयार करून त्यांनी ही गाडी चालवली.

आमच्या मुदखेड-आदिलाबाद मार्गावरही सहस्रकुंड नावाचं स्टेशन आहे, हे मी शेजारच्या पुणेकरांना सांगितलं. त्यांना खरं वाटेना. पावसाळ्यात या म्हटलं. नांदेड, यवतमाळ, आदिलाबाद अशी तिन्हीकडची माणसं येतात, मक्याची कणसं भाजणाऱ्यांना बोलायला उसंत नसते.

परतीच्या गाडीत रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड होता आणि आक्काचा हिशेब चालू होता. वावर नाही, तर ही माणसं एवढी श्रीमंत कशी? भाच्याने एकेक सांगितलं. तेल सापडलं ते १९६९ मध्ये, समुद्राच्या तळाशी. वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची आणि धरणांची. सामन मासा फियॉर्डातच जाळ्यांच्या पिंजऱ्यांत वाढवतात आणि जगभर विकतात. आणि आपण सगळे तिकीट काढून आलोच आहोत.

"म्हंजे पाण्यालाच वावर केलं त्यांनी," आक्का म्हणाली.

भूगोलाच्या पुस्तकात मी हे इतकं नेटकं कधी वाचलं नाही. कडे बर्फाने कोरले, त्याचं श्रेय नॉर्वेच्या माणसांना नाही, जसं सहस्रकुंडाचं आम्हाला नाही. श्रेय द्यायचं ते जे हाताशी होतं, त्याचंच पीक घेण्याला. आणि पीक हाताला आल्यावर बांध फोडून अजून काढू म्हणण्याऐवजी तो बांध राखण्याला. तेलाच्या पैशाने हे सोपं झालं, हेही खरं. पण बॅटरीचा पेटारा काही तेलातून निघाला नाही. छोट्या गावाची लाइन केवढी, हे कुणीतरी बसून मोजलं होतं.

मी म्हटलं, आपल्या किनवट तालुक्यातही पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, नांदेड जिल्ह्यात सगळ्यात जास्त.

"पडतो की," आक्का म्हणाली. "चार महिन्यांत पडतो आन आठ महिने त्याची वाट बघतो. अडवून धरायला पायजे." मग भाच्याकडे वळून तिने विचारलं, तो तरंगता पेटारा शेतकऱ्याला परवडेल एवढा लहान मिळतो का, आणि मिळत असेल तर केवढ्याला पडेल.